मिशनच्या शाळेतला इतिहासाचा तास

दर वर्षी जून महिन्यात कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की खेड्यापाड्यांतले पालक मुलांना घेऊन आमच्याकडे येतात. अशाच एका शेतकरी गृहस्थांनी मागे मला विचारले, "सर, पोरगं म्हणतंय इतिहास घेतो. सायन्स घेतलं तर काही तरी हाताला लागंल. मेलेल्या राजांच्या गोष्टी शिकून ह्याच्या पदरात काय पडायचं?"

प्रश्न रोखठोक होता. मी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला. पण उत्तर काही धड देता आले नाही. इतिहासाचा प्राध्यापक म्हणवून घेणाऱ्या माणसाला इतिहास कशासाठी शिकायचा हे एका शेतकऱ्याला सांगता येऊ नये, याची मला त्या दिवशी लाज वाटली. तेव्हापासून मी या प्रश्नाचा माग काढत आहे. तो काढता काढता मी सुमारे दोनशे वर्षे मागे गेलो आणि पोहोचलो कुठे, तर ख्रिस्ती मिशनच्या शाळेत.

तुम्ही म्हणाल, तिथे कशाला? त्याचे कारण असे. भाषा, इतिहास, तर्क, नीती हे विषय आपण मुलांना कशासाठी शिकवणार, हे आधी मनाशी पक्के ठरवून ज्यांनी आपल्या मुलखात शाळा काढल्या, त्यांत मिशनरी लोक ठळकपणे पुढे होते. त्यांचा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. तो हेतू साधला का, आणि नसेल साधला तर त्या विषयांचे पुढे काय झाले, हीच आजची गोष्ट.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. आपण ज्याला कलाशाखा म्हणतो, तिच्यातल्या भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान वगैरे विषयांना पंडित मंडळी 'मानव्यविद्या' म्हणतात. माणसाला माणूसपण देणारी विद्या, असा त्याचा साधा अर्थ. ही कल्पना युरोपात जुनी आहे. पंधराव्या शतकात इटलीतले विद्वान पाच विषय यात धरीत: व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र. पुढे जेझुइट पाद्र्यांनी १५९९ साली आपल्या शाळांसाठी एक शिक्षणक्रम ठरवला. त्यात व्याकरणाच्या इयत्ता संपल्या की 'मानव्य' या नावाची इयत्ता असे आणि तिच्यानंतर वक्तृत्वाची. स्कॉटलंडातल्या प्रॉटेस्टंट लोकांचा पंथ वेगळा. पण या विषयांवरचा त्यांचा भरवसा तेवढाच होता. त्यांनी तर्कशास्त्राला विशेष मान दिला. आपल्याकडे मुंबई-पुण्यात जी मिशनची शाळा आली, ती मुख्यतः या स्कॉटिश वळणाची.

आता मुंबईला या. १८२९ साली जॉन विल्सन नावाचा पंचविशीतला स्कॉटिश मिशनरी पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईत उतरला. आल्या आल्या तो कुठे गेला? कोकणात, हर्णैला. का? तर मराठी शिकायला. ज्या लोकांशी बोलायचे त्यांची भाषा आधी आली पाहिजे, असा त्याचा बाणा होता. मग मुंबईला परत येऊन त्याने काम मांडले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. १८३२ साली विल्सनने इंग्रजी शाळा काढली. तीच वाढत वाढत पुढे विल्सन हायस्कूल आणि विल्सन कॉलेज झाली. त्या काळी हायस्कूल वेगळे आणि कॉलेज वेगळे अशी रेघ नव्हती. एकाच छपराखाली धाकटी मुले मुळाक्षरे गिरवीत आणि थोरली तर्कशास्त्र घोकीत.

मुले काय शिकत? बायबल हा पहिला विषय. त्याच्या जोडीला इंग्रजी, मराठी, व्याकरण, इतिहास, भूगोल, गणित, खगोल आणि वरच्या वर्गांत तर्कशास्त्र व नीतिशास्त्र. यादी वाचली तर वाटेल, की एक बायबल सोडले तर ही आपल्या कुठल्याही शाळेसारखीच शाळा. पण तसे नव्हते. एकेका विषयाला एकेक कामगिरी नेमून दिलेली होती.

भूगोलाचेच पाहा. पुराणांत सात द्वीपे आणि सात समुद्र, त्यांत एक दुधाचा, एक दह्याचा, एक उसाच्या रसाचा. मास्तर पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवून विचारीत, 'दाखवा पाहू दुधाचा समुद्र कुठे आहे?' मुलाला तो सापडत नसे. पुराणातला भूगोल चुकला तर पुराणातला धर्मही चुकला असणार, असे मुलाच्या मनात आपोआप यावे, हा त्यातला डाव. इतिहासाच्या तासाला ग्रीस, रोम आणि इंग्लंड. राज्ये येतात आणि जातात, पण त्यांच्यामागे ईश्वराचा हात असतो आणि तो जगाला एका ठरलेल्या दिशेने नेतो, हे त्यातून ठसवायचे. तर्कशास्त्राने मुलाला रूढीतल्या चुका दिसाव्यात. नीतिशास्त्राने त्याच्या मनाला टोचणी लागावी. म्हणजे शेत नांगरायचे, कुळवायचे, धसकटे वेचायची ती या विषयांनी; आणि अशा तयार रानात बी पेरायचे ते बायबलचे. कलकत्त्याला अलेक्झांडर डफने १८३० साली जी शाळा काढली तिचेही धोरण याच प्रकारचे होते. फरक एवढाच, की डफचा सारा भर इंग्रजीवर, तर विल्सनला मराठीवाचून चालत नसे. मोल्सवर्थच्या प्रसिद्ध मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तिला मराठी भाषेच्या घडणीवर टिपण जोडले आहे ते या विल्सनचेच.

या माणसांचा मोठेपणा नाकारू नये. दुसऱ्याचा धर्म खोडून काढण्यासाठी का होईना, त्यांनी आपले ग्रंथ वाचले, लेण्यांचा अभ्यास केला, शब्द गोळा केले. पण त्यांच्या बोलण्यात आपल्या देवादिकांविषयी जी तुच्छता असे, तीही नाकारू नये. त्यामुळे माणसे दुखावत आणि उत्तर द्यायला उभी राहत. १८३१ सालीच मोरभट दांडेकर नावाच्या शास्त्र्यांनी मुंबईत विल्सनशी जाहीर वाद केला. म्हणजे शाळेचे दार नीट उघडण्याआधीच बाहेर चर्चा पेटली होती.

आता परीक्षेची वेळ आली ती १८३९ साली. धनजीभाई नौरोजी नावाचा एक पारशी तरुण विल्सनच्या शाळेत शिकत होता. त्याने ख्रिस्ती होण्याचे ठरवले. पारशी समाजात एकच हलकल्लोळ झाला. प्रकरण न्यायालयात गेले. मुलगा स्वतःचे बरेवाईट समजण्याच्या वयाचा आहे असे ठरून त्याला त्याच्या इच्छेप्रमाणे राहू देण्यात आले. पण आईबापांनी पटापट पोरे काढून घेतली आणि शाळेतली बाके रिकामी झाली.

चार वर्षांनी, १८४३ साली, त्याहून अवघड प्रसंग आला. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्याच्याबरोबर मिशनरींकडे राहायला गेला होता. श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. बापाने न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने पोर बापाच्या ताब्यात दिले. पण घरी आणून करता काय? परक्याकडे जेवलेला मुलगा जातीबाहेर! तेव्हा 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. मुलगा अजाण आहे, त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्या, असा त्यांनी आग्रह धरला आणि तसे करवले. त्यापायी सनातनी मंडळींचा रोष त्यांनी पत्करला.

श्रोते हो, या श्रीपतची मला नेहमी आठवण होते. एका बाजूला धर्म द्यायला निघालेले मिशनरी, दुसऱ्या बाजूला जात राखायला निघालेले शास्त्री, आणि मध्ये बारा वर्षांचे पोर. त्याला काय वाटते हे विचारायला कुणाला सवड होती? शिक्षकाने आपला हेतू मुलापेक्षा मोठा मानला, की असे होते. हेतू कितीही प्रामाणिक असो. थोरला नारायण वयात आलेला होता. त्याने आपला मार्ग जाणून निवडला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवून मांग समाजातल्या माणसांत आयुष्य घालवले. त्याची गोष्ट निराळी. अजाण मुलाची निराळी.

आता आपण पुण्याला जाऊ. तिथेही स्कॉटिश मिशनची शाळा होती आणि जेम्स मिचेल तिथल्या मिशनचे काम पाहत. १८४१ साली या शाळेत एक माळ्याचा मुलगा दाखल झाला. वय चौदाच्या घरात. आधी तो मराठी शाळेत जात होता. पण 'माळ्याच्या पोराला विद्या कशाला?' असे लोकांनी कान भरल्यामुळे बापाने त्याला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. दिवसभर फुलबागेत राबून रात्री दिव्यापाशी वाचत बसणाऱ्या या पोराकडे दोन शेजाऱ्यांचे लक्ष गेले. एक गफार बेग मुनशी आणि दुसरे लिजिट साहेब. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. दोघांनी मिळून बापाची समजूत घातली. तो मुलगा म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले.

१८४७ पर्यंत जोतीराव त्या शाळेत शिकले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे ब्राह्मण मित्र त्यांना त्याच दिवसांत मिळाले. शाळेने त्यांना इंग्रजी दिले, इतिहास दिला, वाद करायची रीत दिली. आणि इथेच शाळेचा हिशेब चुकला! कारण एकदा इंग्रजी वाचता आले की मुलाने कोणते पुस्तक वाचावे हे मास्तराच्या हाती राहत नाही. या मित्रमंडळींच्या हाती पडले टॉमस पेनचे 'माणसाचे हक्क' या विषयावरचे पुस्तक. आता हा पेन कोण? अमेरिकेच्या आणि फ्रान्सच्या क्रांतीचा कैवारी. पण बायबलवरही कडक टीका करणारा. मिशनरींना त्याचे नाव घेतलेले खपत नसे. म्हणजे कुलूप उघडायची किल्ली पाद्रीसाहेबांनी दिली आणि मुलांनी तिने भलतीच खोली उघडली.

बायबलच्या पेरणीसाठी नांगरलेल्या रानात मग काय उगवले? सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे असतील, तर एक उंच आणि एक नीच कशाने? हा प्रश्न जोतीरावांनी पुराणांना विचारला, भटशाहीला विचारला, सरकारला विचारला. जगाचा इतिहास वाचून ते थांबले नाहीत. १८६९ साली त्यांनी शिवाजीराजांचा पवाडा रचला आणि राजांना कुळवाड्यांचे, म्हणजे शेतकऱ्यांचे, भूषण म्हणून गौरवले. त्याआधी ग्रँट डफ या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला होता. बखरकारांनी आपापल्या परीने लिहिला होताच. पण तोच इतिहास शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून कसा दिसतो, हे सांगायला बांधावरचा माणूसच लागला. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, तेव्हा ते अमेरिकेत निग्रोंची गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केले. कुठे अमेरिका आणि कुठे पुण्याची गंज पेठ! दूरच्या माणसाचे दुःख आपल्या दुःखाशेजारी ठेवून पाहणे हे इतिहास शिकलेल्या माणसाचे लक्षण.

पण ते ख्रिस्ती झाले का? नाही. मिशनरींविषयी त्यांना आदर होता. 'तृतीय रत्न' या त्यांच्या १८५५ सालच्या नाटकात शेतकरी नवराबायकोला विद्येची वाट दाखवणारा एक पाद्रीच आहे. काही वर्षे तर त्यांनी मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत शिकवलेही. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी स्वतःची बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही. १८७३ सालीच त्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या शेवटच्या पुस्तकात, 'सार्वजनिक सत्यधर्मा'त, त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे की एकाच घरातली माणसे वेगवेगळे धर्म पाळतात आणि तरी प्रेमाने नांदतात. शाळेचा हेतू एकच धर्म सर्वांना देण्याचा होता. तिच्या विद्यार्थ्याने उत्तर दिले, की सत्य शोधायचा हक्क प्रत्येकाला द्या.

आता याच काळातला दुसरा विद्यार्थी पाहा, म्हणजे तुलना पुरी होईल. बाबा पदमनजी. जन्म १८३१, बेळगावचा. बेळगावला मिशनच्या शाळेत आणि पुढे मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला. तोही वाचणारा, शंका घेणारा. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेत तोही जाई. बराच काळ त्याच्या मनाची ओढाताण चालली आणि शेवटी १८५४ साली, विचारी वयात, त्याने ख्रिस्ती धर्म घेतला. पुढे १८५७ साली त्याने 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. ती कशावर आहे? हिंदू विधवांच्या दुःखावर. घर सुटले, जात सुटली. पण शेजारच्या वाड्यातल्या केशवपन केलेल्या बाईचे दुःख काही त्याच्या मनातून सुटले नाही.

एकाच चुलीवर भाजलेल्या या दोन भाकरी. एकजण ख्रिस्ती झाला, एक झाला नाही. पण दोघांत एक गोष्ट सारखी आहे. दोघांनीही जे शिकले ते आपल्या भोवतालच्या माणसांकडे पाहण्यासाठी वापरले आणि दोघांनीही ते मराठीत, लोकांना कळेल असे लिहिले. मला विचाराल तर मानव्यविद्येची कसोटी हीच. मुलगा कोणत्या मताचा झाला हे नव्हे, तर त्याला माणूस दिसू लागला की नाही, हे पाहायचे.

मुलींची हकीकत तर याहून बोलकी आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फेरार १८२७ साली मुंबईला आल्या आणि १८३९ पासून नगरला मुलींना शिकवू लागल्या. जोतीराव आपल्या मित्राबरोबर नगरला गेले असता त्यांनी ती शाळा पाहिली आणि आपणही अशी शाळा काढावी असे त्यांच्या मनाने घेतले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. तिथे शिकवायला सावित्रीबाई उभ्या राहिल्या. सावित्रीबाईंनी नगरला फेरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे. पुढे फुल्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या कोवळ्या वयाच्या मांग मुलीने एक निबंध लिहिला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. वेद ज्यांचे असतील ते त्यांचे. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा देवालाच सवाल. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने लिहिले. आणि हा निबंध छापला कुणी? मिशनच्याच 'ज्ञानोदय' पत्राने, १८५५ साली.

वर्तुळ कसे पुरे झाले पाहा. मिशनच्या शाळेतून जोतीराव निघाले, त्यांनी स्वतःची शाळा काढली, त्या शाळेतून मुक्ता निघाली आणि तिचे शब्द पुन्हा मिशनच्या पत्रात येऊन बसले. निबंध लिहिणे म्हणजे भाषेच्या तासाचे किरकोळ काम, असे आपण समजतो. 'माझी आई', 'पावसाळ्यातला एक दिवस' असे विषय फळ्यावर लिहून आपण हाजरी भरायला घेतो. पण जिला पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते तिच्या हाती भाषा आली, तेव्हा निबंध म्हणजे काय असतो ते महाराष्ट्राला कळले!

मग हे सारे बिघडले कुठे? इतिहासाचा तास मेलेल्या राजांच्या सनावळीवर कसा आला? त्याचेही एक साल सांगता येते. १८५४ साली विलायतेहून वुड साहेबाचा शिक्षणविषयक खलिता आला. खाजगी आणि मिशनच्या शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले. धर्मशिक्षणाकडे तपासनिसाने लक्ष देऊ नये, इतर विषय मात्र तपासावेत, असे ठरले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. झाले! त्या दिवसापासून शाळेत एक नवा धनी आला. मिशनऱ्याला धर्म हवा होता, सरकारला कारकून हवा होता, बापाला मुलाची नोकरी हवी होती. आणि या तिघांचे भांडण मिटवले परीक्षेने. परीक्षेत जे विचारतील ते शिकवायचे. पुढे अनुदानही परीक्षेच्या निकालावर मोजले जाऊ लागले, तेव्हा तर विचारूच नका. मिशनच्या शाळांतही बायबलचा तास एका बाजूला पडला आणि सनावळ्या पाठ होऊ लागल्या. पूर्वी इतिहासाला निदान काही हेतू होता. तो आपल्याला पटो वा न पटो. आता हेतूच उरला नाही, गुण तेवढे उरले.

या परिस्थितीवर नेमके बोट ठेवले ते पुन्हा जोतीरावांनीच. १८८२ साली सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. शेतकरी कर देतो आणि त्याच्या पैशावर वरच्या वर्गाची मुले शिकतात, ही त्यांची मुख्य तक्रार. पण खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे हेही त्यांनी सांगितले. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीतीचे चार धडे. आणि त्याबरोबरच सामान्य इतिहास, सामान्य भूगोल व व्याकरण. लक्षात घ्या, श्रोते हो! शेतकऱ्याच्या पोराला हिशेब आणि शेती पुरे झाली, असे ते म्हणाले नाहीत. इतिहास-भूगोल त्यांनी यादीत ठेवला. आणि शिक्षक कसा हवा? तर शेतकऱ्यांत मिसळणारा. नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरायला लाज न वाटणारा.

आता आजचा काळ. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्य समाजांना आपल्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाने असे ठरवले, की सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत कोणाही मुलावर, त्याच्या किंवा तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणाची सक्ती करता येणार नाही. श्रीपत शेषाद्रीच्या वेळी जो गुंता पडला होता, तो कायद्याने असा सोडवला. आज मुंबई, पुणे, नगर, वसई, गोवे इथे ख्रिस्ती संस्थांच्या शाळा आहेत आणि त्यांत सर्व धर्मांची मुले शिकतात. तिथेही बोर्डाचेच विषय आणि तिथेही गुणांचीच धावपळ.

पण कायद्याने संमतीचा प्रश्न सुटला, हेतूचा सुटला नाही. तो शिक्षकालाच सोडवायचा आहे. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, या जुन्या गोष्टीतून मी जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिले असे, की आपण कशासाठी शिकवतो हे आपल्याला ठाऊक असावे आणि ते मुलांपासून लपवू नये. विल्सनचा हेतू उघड होता, म्हणून मोरभटांना त्याच्याशी उघड वाद करता आला. दुसरे असे, की दुसऱ्याच्या चुका दाखवायला शिकवलेला प्रश्न आपल्याही दारात येणार, याची तयारी ठेवावी. पृथ्वीचा गोल दाखवून पुराणाला प्रश्न विचारायला शिकवले, की मुलगा उद्या बायबललाही विचारतो, परवा सरकारला विचारतो आणि तेरवा तुम्हाआम्हाला. तेव्हा रागावायचे नाही. ते आपल्या कामाचे फळ आहे.

आणि तिसरे, इतिहास गावातूनच सुरू करावा. बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट घ्या. पुस्तकात तो दोन ओळींत संपतो. मुलांना सांगा, घरातल्या आजीला विचारून या. कुणाची आजी खडी फोडायला गेली होती, कुणाच्या घरी लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, कुणी सुकडीसाठी रांगेत उभे राहिले. पाच घरच्या पाच हकिकती येतील आणि त्या एकमेकींशी जुळणार नाहीत. मग विचारा, 'कुणाचे खरे? ज्याच्याकडे विहीर होती त्याला दुष्काळ कसा दिसला आणि ज्याच्याकडे नव्हती त्याला कसा?' त्या दिवशी मुले इतिहास शिकली असे समजा. या तासाला पैसा लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. मास्तराला ऐकून घ्यायची सवय मात्र लागते.

तर त्या शेतकरी गृहस्थांना आज भेटलो तर मी काय सांगेन? मी म्हणेन, "दादा, इतिहास शिकून पोराला नोकरी लागेलच असा शब्द मी देत नाही. पण उद्या कुणी कागद पुढे करून म्हणाला, 'हे पूर्वीपासून असंच चालत आलंय, कर सही', तर तुमचं पोर विचारील, 'पूर्वीपासून म्हणजे कधीपासून? कुणी ठरवलं? आणि आम्हाला विचारलं होतं का?' शेजाऱ्याची जात काढून कुणी भांडण लावायला आला, तर ते त्याचं ऐकण्याआधी शेजाऱ्याचं ऐकून घेईल. एवढं त्याच्या पदरात पडलं, तर ते थोडं नाही."

पुण्याच्या एका माळ्याने १८४१ साली, दोन शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून, आपल्या पोराला मळ्यातून पुन्हा शाळेत पाठवले. त्याच्याही पदरात काय पडेल, हे त्याला तरी कुठे माहीत होते?